पंचगंगा : वरचे पाणी, खालचे पाणी



चालकांनी मला विषय दिला तो 'पंचगंगा : भूगोल आणि संस्कृती' असा. ही बातमी युनियनच्या कचेरीत कळली तेव्हा आमचे दोन-तीन सहकारी हसले. एकजण म्हणाला, "संस्कृतीवर बोलायला तुम्हांला कुणी बोलावलं? तुम्ही बोनसवर बोला." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे कांड्या भरल्या, मग माग चालवला, आणि गेली तीस वर्षे कामगारांच्या चळवळीत आहे. जे काही वाचले ते आपल्या नगरवाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी. जिल्ह्याचे गॅझेटियर मी पहिल्यांदा मागून घेतले ते जुने मजुरीचे दर शोधण्यासाठी. दर सापडले, पण त्याआधीच्या प्रकरणात नदी लागली आणि तेथेच मी बराच वेळ रेंगाळलो. तेव्हा आज नदीवर बोलतो. पण मजुरीचा माणूस बोलतो आहे हे आपण ध्यानात ठेवावे.

पंचगंगा या नावाची नदी सह्याद्रीत कोठेही उगम पावत नाही. डोंगरात जाऊन कुणी पंचगंगेचा उगम विचारू लागला तर लोक त्याच्याकडे नुसते पाहत राहतील. तिचा जन्म होतो तो खाली सपाटीवर, कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे. गगनबावड्याच्या डोंगरातून कुंभी येते. विशाळगडाच्या अंगाने, गजापूरच्या रानातून कासारी येते. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी जी खिंड लढवली ती याच कासारीच्या मुलखातली. राधानगरीकडून भोगावती येते आणि धामोडकडून तुळशी. तुळशी आणि कुंभी वाटेतच भोगावतीला मिळतात, आणि भोगावती व कासारी यांची गाठ चिखलीला पडते. या झाल्या चार. पाचवी सरस्वती, आणि ती गुप्त आहे. आपल्या देशात जेथे जेथे हिशेबात एक नदी कमी पडते, तेथे तेथे सरस्वती मदतीला धावून येते! आता मी जर असे म्हणालो की ही गुप्त असलेली पाचवी नदी म्हणजे कष्टकऱ्यांचा घाम होय, तर टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे. मे दिनाच्या सभेत मी ते वाक्य वापरलेलेही आहे. पण येथे ते वाक्य राहू द्या. घामाची नदी गुप्त नाही, ती चांगली उघड्यावर वाहते.

चिखलीपासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत पंचगंगेची वाट सुमारे ८० किलोमीटरची. एवढ्याशा नदीने एवढा मोठा मुलूख कसा पोसला, याचे उत्तर पावसात आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कधी त्याच्याही पुढे जातो. आणि आपल्या शिरोळ तालुक्यात ५०० मिलिमीटर पडला तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. एकाच जिल्ह्यात पाऊस दहापट कमी होतो. म्हणजे वरचे लोक पावसात भिजतात आणि खालचे लोक त्या पावसावर पिकवतात. वरचा पाऊस खाली पोचवण्याचे काम नदी करते.

आणखी एक गोष्ट. डोंगरातून उतरताना या चारही नद्यांना मोठा उतार आहे; कोल्हापूर ओलांडले की तो उतार जवळजवळ संपतो. म्हणून पाणी येते ते धावत आणि थांबते ते ठाण मांडून. रुकडी, रुई, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाड अशी मोठमोठी वळणे घेत ती जाते. शेवटी वाडीला पोचते तेव्हा कृष्णा स्वतःच भरलेली असली, तर पंचगंगेला आत शिरायला जागा नसते. मग तिचे पाणी मागे फुगते. याच फुगवट्याने हजारो वर्षे गाळ आणून टाकला आणि काठाची काळी जमीन तयार केली. या जमिनीला आपण 'मळी' म्हणतो. मळीतली वांगी, मळीतला हरभरा, मळीतला शाळू असे म्हणताना जुन्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटते. हा मळी शब्द आपण लक्षात ठेवा; मला त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पावसाळ्यात धावणारे पाणी उन्हाळ्यात कसे टिकवायचे, हा या खोऱ्याचा जुना प्रश्न. शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचे काम काढले. आपल्या कन्येच्या नावाने वसवलेल्या गावाला राधानगरी आणि तलावाला लक्ष्मी तलाव अशी नावे दिली. पैसा अपुरा पडून काम अर्ध्यावर थांबले, महाराज १९२२ साली गेले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५४ च्या सुमारास. त्यात ८.३६ टीएमसी पाणी मावते. आजच्या मानाने हे धरण मोठे नव्हे. पण त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाहण्यासारखे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आले की पाण्याच्याच जोराने दरवाजा उघडतो, माणसाने चाक फिरवावे लागत नाही. एक दरवाजा उघडला की सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. पावसाळ्यात कोल्हापूरच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच असतो की, "दारं किती उघडली?"

धरणाचे नाव मोठे होते, पण मला विशेष सांगायचे आहे ते बंधाऱ्याबद्दल. कोल्हापूर म्हटले की लोकांना चप्पल आठवते, गूळ आठवतो, तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण देशभरातल्या पाटबंधारे खात्यांच्या कागदांत कोल्हापूरचे नाव वेगळ्याच कारणाने येते. ते म्हणजे 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करायचे. प्रत्येक खांबाला दोन्ही अंगांनी खाचा ठेवायच्या. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवायच्या. त्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. बरग्यांच्या दोन ओळी, आणि त्या दोन ओळींच्या मध्ये माती ठासून भरायची. पाणी अडते. जूनमध्ये मृगाआधी बरगे काढून घ्यायचे, की पूर खांबांच्या मधून मोकळा निघून जातो, आणि साठलेला गाळही घेऊन जातो. नदीला कायमचे बांधायचे नाही. गरज असेल तेव्हा अडवायचे आणि तिची वेळ आली की वाट द्यायची. एवढी समजूतदार कल्पना आहे ही.

परंतु ती चालते ती कुणाच्या हातांनी? ऑक्टोबरच्या थंड पाण्यात कमरेइतके, कधी छातीइतके उभे राहून बरगे बसवणारी माणसे मी पाहिली आहेत. लाकडी बरगा पाण्याने फुगून जड होतो. लोखंडी असेल तर हात कापतो. एक बरगा तिरका बसला तर सारी रात्र पाणी गळते. माती ठासायची ती पायांनी. हे काम करणारे बहुतेक रोजंदारीवरचे असतात आणि ठेकेदाराच्या वहीत त्यांची नावेसुद्धा पुरती नसतात. अलीकडे लोखंडी बरगे भंगारात विकण्यासाठी चोरीला जातात, त्याची बातमी वर्तमानपत्रात येते. बरगे घालणाऱ्याची बातमी मी अद्याप वाचलेली नाही. या खोऱ्याच्या वारशाची यादी जर कुणी करणार असेल, तर त्यात घाट येईल, देऊळ येईल. त्या यादीत बरगा ठासण्याचे हे कसबही आले पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

आता कोल्हापूरच्या घाटावर येऊ. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहनांच्या काळची वस्ती निघाली. त्याच टेकडीवर रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. त्यांत पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती आहे. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते. जरूर पाहा. परदेशचा समुद्राचा देव सह्याद्रीचे घाट चढून आपल्या नदीच्या काठी आला. पण तो आपल्या पायांनी नाही आला. कुणीतरी बैलांच्या पाठीवर लादून, कुणीतरी डोक्यावर घेऊन त्याला आणला असणार. तेव्हाही हमाल होतेच.

याच घाटावर १८९९ च्या कार्तिकात एक गोष्ट घडली. ती आपणां सर्वांना माहीत आहे, पण ती नदीच्या काठी घडली हे आपण विसरतो. शाहू महाराज कार्तिकस्नानाला पंचगंगेवर जात. पुरोहित मंत्र म्हणत होते ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिली. पुरोहिताचे म्हणणे असे की शूद्रांना पुराणोक्तच लागते. म्हणजे राज्य राजाचे, घाट राजाच्या राज्यातला, नदी सर्वांची, आणि तरीही पाण्यात उभे राहिल्यावर राजाची पायरी खालची! तेथून वेदोक्ताचे प्रकरण पेटले, राजोपाध्यांची वतने जप्त झाली, आणि त्याच वर्षांत, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. एकाच घटनेमुळे सारे झाले असे मी म्हणत नाही. इतिहास इतका सोपा नसतो. पण आधुनिक महाराष्ट्राच्या एका मोठ्या भांडणाची पहिली ओळ पंचगंगेच्या पाण्यात म्हटली गेली, हे खरे आहे.

राजाची ही कथा, तर इतरांचे काय विचारता? नदीकाठच्या प्रत्येक गावात पाणवठे वाटलेले होते. वरच्या अंगाला कुणी भरायचे, त्याखाली कुणी, परटाने कोठे धुवायचे, जनावरे कोठे धुवायची, आणि सर्वांत खाली कुणाचा पाणवठा, हे सारे ठरलेले. भूगोलाचा उतार आणि जातीचा उतार आपल्या पूर्वजांनी बरोबर एका दिशेला लावून ठेवला होता. वरच्याने वापरून सोडलेले पाणी खालच्याने प्यायचे. १९१९ साली शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. पुढच्याच वर्षी, १९२० च्या मार्चमध्ये, येथून जवळच असलेल्या माणगावला परिषद भरली; अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर आणि समोर स्वतः महाराज. महाडचे चवदार तळे त्यानंतर सात वर्षांनी, १९२७ साली. संस्कृती म्हटली की आपण आरती, दीपोत्सव, घाटावरची देवळे एवढीच मोजतो. पाण्यावर हक्क कुणाचा, आणि वरच्याने खालच्याचे काय देणे लागते, हा झगडाही या नदीच्या संस्कृतीतच येतो. मला तर वाटते, तोच तिचा मोठा भाग आहे.

नदीने दिलेल्या उसापासून काय काय उभे राहिले, ते सांगायला एक स्वतंत्र व्याख्यान लागेल. १८९५ साली शाहूपुरी वसली आणि गुळाचा बाजार वाढला. कोल्हापुरी गुळाची चव मातीची आणि पाण्याची, असे व्यापारी सांगतात. ती गुळव्याच्या डोळ्याचीही असते. काहिलीतल्या रसाला भेंडीची धुणी देऊन मळ काढायचा, चुलवाणात चिपाड किती टाकायचे ते जळव्याला नुसत्या खुणेने सांगायचे, आणि आधण उतरण्याचा नेमका क्षण ओळखायचा. तो क्षण चुकला की साऱ्या दिवसाची कमाई पातळ होते. गुळव्या शाळेत गेलेला नसे. त्याच्या विद्येला प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्याची मजुरीही विद्येच्या हिशेबात धरली गेली नाही. पुढे सहकारी साखर कारखाने आले. त्यांची नावे पाहा : कुंभी-कासारी, भोगावती, पंचगंगा, दूधगंगा-वेदगंगा. जगात कारखान्यांना मालकांची नावे असतात. आपल्याकडे नद्यांची आहेत. शेतकऱ्याने आपल्या कारखान्याला नदीचे नाव दिले यात त्याची कृतज्ञता दिसते, आणि ती खरी होती यात मला शंका नाही.

आता मघाच्या शब्दाकडे येतो. मळी म्हणजे नदीने आणून टाकलेली सुपीक जमीन. कारखाने आल्यावर त्याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. साखर काढून उरलेला तो काळा, चिकट द्रव म्हणजेही मळी. "नदीत मळी सोडली" असे आजचा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वांगी-हरभरा नसतो; मेलेले मासे असतात. पूर्वी नदी आपल्याला मळी देत होती, आता आपण नदीला मळी देतो. तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात जाऊन पाहा. पाणी काळे, वर जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि काही वर्षी मासे तरंगताना दिसतात. मरळ आणि वाम पकडून पोट भरणाऱ्या भोयांनी जाळी गुंडाळून ठेवली. त्यांची कोणी युनियन नाही, म्हणून त्यांची बेकारी कोणत्याच आकड्यात येत नाही.

यात एकट्या साखर कारखान्यांचा दोष नाही. कोल्हापूरचे जयंती आणि दुधाळी हे नाले वर्षानुवर्षे शहराची घाण नदीला घालत आले. पुढे कसबा बावड्याला दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र झाले. तरी सारे पाणी तेथे पोचते असे नाही. आणि आपण? आपल्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग उभा केला, नारायणराव घोरपड्यांनी उत्तेजन दिले, आणि या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. मागावरचा धंदा तसा कोरडा. पाणी लागते ते सायझिंगच्या खळीला, आणि त्याहून कितीतरी जास्त लागते ते प्रोसेसला. म्हणजे कापड धुणे, ब्लीच करणे, रंगवणे. कॉस्टिक, ब्लीचिंग, रंग यांचे पाणी कोठे जाते, हे या सभागृहातल्या कुणाला मी सांगायला नको. काळ्या ओढ्याचे नाव आपण सारेच जाणतो.

या ठिकाणी माझी अडचण सुरू होते, आणि आजच्या व्याख्यानात मला जे बोलायचे आहे ते हेच.

काही वर्षांपूर्वी नदीत सांडपाणी सोडल्यावरून एका प्रोसेस हाउसला टाळे लागले. मी कारखान्याचे नाव घेत नाही; मालक बदलले, कामगार पांगले. बंदचा हुकूम योग्यच होता. १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्यात १९८८ साली दुरुस्ती होऊन कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकार प्रदूषण मंडळाला मिळाला आहे. पण त्या कलमात कामगाराच्या पगाराबद्दल एक शब्द नाही. दारावर नोटीस लागली तेव्हा मालक आपल्या दुसऱ्या धंद्याकडे गेला, आणि कामगार माझ्या दारात आले. त्यांतल्या एकाची बायको म्हणाली, "दादा, आमच्या नळाला ह्येच पाणी येतंय, आणि आमचाच पगार बंद." या बाईपुढे नदीची आरती कशी म्हणायची ते मला सांगा. ले-ऑफच्या काळात अर्धा पगार देण्याची तरतूद आपल्या कायद्यात जुनीच आहे. परंतु पन्नासांहून कमी कामगार दाखवले की ती लागूच होत नाही. आणि आपल्या गावात पन्नासांच्या वर कामगार कागदावर किती ठिकाणी आहेत, हे मी सांगण्यापेक्षा आपल्यात बसलेल्या मालक मंडळींनीच मनाशी मोजावे.

काही पर्यावरणवादी मित्र मला म्हणतात, तुम्ही कामगारांचे पुढारी नदीच्या आड येता. आणि आमच्यातले काही म्हणतात, ही नदीची चळवळ म्हणजे भरल्या पोटाचे काम. दोघांचेही म्हणणे मला मान्य नाही. रंगखात्यात उघड्या हातांनी उभा राहणारा माणूस ते रसायन नदीच्या आधी स्वतःच्या अंगावर घेतो. नदीत जे जाते ते आधी त्याच्या नखांत जाते. तेव्हा नदी आणि कामगार यांचे भांडण कुणीतरी लावून दिलेले आहे. कारखाना बंद ठेवायचा तर जरूर ठेवा. पण जोवर मालक पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा नीट चालवत नाही तोवरचा पगार त्याच्याकडून वसूल झाला पाहिजे. कामगार दहा असोत की दोनशे. एकदा ही अट पडली की यंत्रणा किती लवकर दुरुस्त होते ते पाहा. आजवर बंदचा खर्च कामगाराने सोसला, म्हणून बंदचा धाक मालकाला राहिला नाही.

कुणी म्हणेल, आपण आता पंचगंगेचे पाणी पितो तरी कोठे? खरे आहे, आणि मला त्याचीच चिंता वाटते. पंचगंगेचे पाणी बिघडले तेव्हा आपण मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. २०१२ साली पाण्यातून कावीळ पसरली, माणसे दगावली. त्या उन्हाळ्यातली दवाखान्यांची गर्दी आपण पाहिलेली आहे. मग दानोळीहून वारणेचे पाणी आणायचे ठरले. वारणाकाठचे लोक रस्त्यावर उतरले. मग सुळकूडहून दूधगंगेचे पाणी. तेथेही काठच्या लोकांनी विरोध केला. ते लोक वाईट आहेत काय? त्यांचे म्हणणे एवढेच की तुम्ही तुमची नदी घाण केलीत, आता आमची मागता. या वाक्याला आपल्याकडे उत्तर नाही. तिकडे कोल्हापूरनेही काळम्मावाडीहून थेट जलवाहिनी आणली, आणि २०२३ च्या दिवाळीला तिचे पाणी शहरात खेळले. शहराला चांगले पाणी मिळाले याचा आनंदच आहे. परंतु ज्या गावाचा घसा नदीत नाही, ते गाव नदीला ओढा समजू लागते. आणि त्या ओढ्याखालची शिरढोण, तेरवाडसारखी खेडी कोणतीही जलवाहिनी घालू शकत नाहीत. जुना पाणवठ्यांचा उतार असा पुन्हा उभा राहिला आहे. फक्त आता तो जातीच्या नव्हे, नगरपालिकेच्या ऐपतीच्या मापाने मोजला जातो.

लोक बदलत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. अलीकडच्या वर्षांत कोल्हापूरच्या मंडळांनी गणपती पंचगंगेत न सोडता इराणी खणीत विसर्जन करायला सुरुवात केली. प्रथम कुरकुर झाली, पुढे अंगवळणी पडले. तसेच पंचगंगेच्या स्मशानात महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी लोक शेणी दान करतात. होळी लहान करा आणि शेणी द्या, असे आवाहन निघते आणि गाड्या भरून शेणी येतात. गरीब-श्रीमंत सारे तेथे सारख्याच शेणींवर जातात. थापणाऱ्या बायांचे हात मात्र कुणी मोजत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुराबद्दल दोन शब्द बोलून संपवतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ साली ५६ च्याही वर. दोन वर्षांच्या अंतराने असे दोनदा झाले. चिखली आणि आंबेवाडी ही गावे दर वेळी पहिल्यांदा हलतात. शहरातून मात्र लोक विचारतात, पाणी आमच्या कॉलनीत कसे शिरले? अहो, तुमची कॉलनी पाण्याच्या घरात शिरली होती! पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पाडले कुणी, आणि त्याला शिक्के मारले कुणी?

या बाबतीत मला वाडीचे देऊळ शहाणे वाटते. नृसिंहसरस्वतींच्या पादुका आहेत त्या कृष्णेच्या काठाशी, संगमाजवळ, अगदी पाण्याच्या वाटेवर. विजापूरच्या आदिलशहाने, आपल्या मुलीला दृष्टी आली म्हणून, हे देऊळ बांधले असे लोक सांगतात. देवळाच्या बांधणीकडे पाहिले की त्या कथेचा उगम कळतो. पूर आला की पाणी उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या दारात स्नानाला उभे राहतात. पाणी फारच चढले तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. कुणी गोंधळत नाही, कुणी निवेदन देत नाही. मी देवभोळा माणूस नव्हे. पण पाण्याला आत यायला एक दार आणि बाहेर जायला दुसरे दार ठेवायचे, ही गोष्ट ज्याने पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी ओळखली, त्याला आमच्या नगररचना खात्यात एक खुर्ची द्यायला माझी हरकत नाही.

वाडीनंतर पंचगंगेचे नाव संपते. कृष्णा पुढे खिद्रापूरला जाते. तेथे कोपेश्वराचे देऊळ आहे, बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या वेळचे. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, आभाळ दिसते. तेथून नदी कर्नाटकात शिरते. दुष्काळी उन्हाळ्यात कर्नाटक सरकार आपल्या सरकारकडे कोयना-वारणेचे पाणी सोडण्याची मागणी करते, हे आपण वाचतो. त्या काठच्या गावांत कृष्णा हेच पिण्याचे पाणी आहे. चिखलीत निघालेले, कोल्हापूरला वापरलेले, आपल्या गावातून गेलेले पाणी त्यांच्या घागरीत जाते. त्यांना आपल्या निवडणुकीत मत नाही, आपल्या प्रदूषण मंडळाकडे त्यांची तक्रार पोचत नाही, आणि त्यांच्या भाषेत आपल्याला 'वरचे' म्हणत असतील.

मालक मंडळींपैकी कुणाला पगाराच्या अटीबद्दल प्रश्न विचारायचे असतील तर मी बाहेर थांबतो; दुसरी पाळी सुटायला अजून वेळ आहे.